गाडीतलं पाणी शोधा, मग काझाला निघा

जानेवारीत पुण्याहून स्वतःच्या गाडीने स्पितीला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती थर्मलची आणि कानटोप्यांची. गाडीचं काय, तर 'सर्व्हिसिंग झालंय'. पण आपली गाडी वर्षानुवर्षं उन्हाला तोंड द्यायला तयार झालेली असते. स्पितीतल्या काझात रात्री पारा उणे वीसच्याही खाली उतरतो आणि अशी थंडी गाडीत एकच गोष्ट हुडकत फिरते: पाणी. म्हणून आपणही तयारी पाण्याच्या मागानेच करू.

आधी रस्ता नक्की करा. 'आता अटल बोगदा झालाय की, मनालीवरून जाऊ' असं सांगणारा एक तरी जण भेटतोच. बोगदा 2020मध्ये सुरू झाला हे खरं, पण तो लाहौलपर्यंत नेतो. तिथून काझाकडे जाताना कुंझुम खिंड लागते, साडेचार हजार मीटरवर, आणि ती हिवाळाभर बर्फाखाली बंद असते. हिवाळ्यातला रस्ता सिमला, रामपूर, किन्नौर, नाको, ताबो असा. लांब पडतो, पण उंची हळूहळू चढत जाते, ते आपल्या डोक्याला आणि पोटालाही मानवतं.

आता पहिलं पाणी, रेडिएटरमधलं. तिथे खरं तर कूलंट असायला हवं, म्हणजे इंजिन गार ठेवणारं आणि सहजी न गोठणारं द्रावण. पण मे महिन्यात कधीतरी पातळी कमी दिसते, कुणीतरी नळाचं पाणी ओततं आणि आपण विसरून जातो. रंग मात्र हिरवाच राहतो, आणि फसगत इथेच होते. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. ते इंजिनाच्या आत फुगलं तर बिडाला तडा जातो. गॅरेजमध्ये कूलंट मापकाने तपासून घ्या. 'बघितलं, ठीक आहे' हे उत्तर चालवून घेऊ नका, किती अंशांपर्यंत टिकेल ते विचारा. कूलंटचा मूळ अर्क आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं असेल, तर उणे पस्तीसपर्यंत काळजी नाही.

दुसरं पाणी वायपरच्या टाकीतलं. इथे मी स्वतः आपटलो आहे. निघताना मोठ्या हौसेने फिल्टरचं पाणी आणि दोन थेंब शांपू भरला होता. ताबोला सकाळी दांडी ओढली, नुसताच 'टक्' आवाज आला. दहा वाजता ऊन आल्यावर गाडीखाली फेसाचं छोटंसं तळं साचलं: टाकी रात्रीच फुटली होती. साधं पाणी वापरून संपवा आणि चंडीगडला पोचायच्या आत न गोठणारं वॉशर द्रावण भरा. भरल्यावर दोन-चार वेळा फवारा मारायला विसरू नका, कारण नळीत जुनं पाणी उरलेलं असतं.

तिसरी जागा डिझेलची. पेट्रोल गाडीवाल्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडावा. त्यांचं इंधन या थंडीत गोठत नाही. डिझेलमध्ये मात्र मेण असतं. थंडीत त्याचे कण धरतात, डिझेल गढूळ होतं आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून जायला हवं. प्रत्यक्षात ते आणखी थोडं तग धरतं, पण उणे वीसची हमी त्यात नाही. डिझेल पातळ ठेवणारं औषध बाटलीत मिळतं, ते गोठण्याआधी टाकीत घालायचं असतं. मेण धरल्यावर ओतून उपयोग नाही. निघण्यापूर्वी फिल्टर बदला आणि त्यात खाली साचलेलं पाणी काढून टाका. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळायला सांगतील, टाकीखाली शेकोटीही पेटवतील. नव्या इंजिनाचा पंप रॉकेलने खराब होतो, आणि शेकोटीबद्दल मी काय सांगावं! किन्नौरमधल्या पोवारीला टाकी भरून घ्या. पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. रात्री टाकी भरलेली असली की आत दमट हवा कमी राहते.

नव्या काही डिझेल गाड्यांत डीईएफ लागतं, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण. ते उणे 11 अंशांना गोठतं आणि फुगतं. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, आणि सुटा कॅन डिकीत ठेवण्याऐवजी रात्री खोलीत न्या.

बॅटरी तीन वर्षांची झाली असेल, तर दुकानात भार देऊन तपासून घ्या. पुण्यात ती रोज एका फटक्यात गाडी सुरू करते, म्हणून आपल्याला शंका येत नाही. कडक थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी इंजिनातलं तेलही घट्ट झालेलं असतं. तेलाच्या डब्यावर 'डब्ल्यू'च्या आधी जो आकडा असतो, तो जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ. गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल त्यांतलं लहान आकड्याचं घ्या.

टायरमधल्या हवेची एक गंमत आहे. पुण्यात दुपारी 28 अंशांत 32 पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) भरलेली चाकं पंजाबातल्या पाच अंशांच्या पहाटे 28च्या आसपास दाखवतात. पंक्चर समजून घाबरू नका, गाडी गार असताना हवा भरून घ्या. काझाला याहून कितीतरी जास्त थंडी, तरी आकडा फारसा घसरत नाही, कारण उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो आणि मापक आतला-बाहेरचा फरक मोजतो.

बर्फासाठी चाकांच्या साखळ्या टायरच्या मापानेच घ्या आणि घरीच एकदा चढवून पाहा. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसवत होतो तेव्हा वॉचमनसकट चौघं जमले, आणि पहिली साखळी चढायला चाळीस मिनिटं लागली. तीच बर्फात, बोटं बधिर झालेली असताना, पहिल्यांदा उलगडायची वेळ आली असती तर? सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे साखळ्या मागच्या चाकांना लावणं. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात; तिथे साखळ्या पुढे. वेग तीसच्या आसपास, आणि कोरडं डांबर लागलं की उतरवायच्या.

सामान भरताना उलटा विचार करा: बर्फात अडकलो तर सगळ्यात आधी काय लागेल? ते सगळ्यात शेवटी, वरच्या बाजूला. साखळ्या, रबरी हातमोजे, फावडं, टॉर्च, ओढायची दोरी, जंपर केबल डिकीच्या तोंडाशी. बॅगा खाली. ब्लँकेटं, थर्मास, औषधं आणि खाऊ मात्र डिकीत नको, माणसांजवळ हवा. शेंगदाण्याची चिक्की थंडीत दगड होते, दात जपा. भडंग आणि तिळाचे लाडू चांगले टिकतात. पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरू नका. टपावर जड बोजा नकोच.

मैदानात हरियाणा-पंजाबचं धुकं भेटेल. दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. आतून काच धुरकटली की फडक्याने पुसत बसण्यापेक्षा हीटर आणि एसी एकत्र लावा आणि हवा बाहेरून आत घ्या. थंडीत एसी कशाला, असं वाटतं. पण हवेतला ओलावा तोच काढतो. किन्नौरच्या पुढे सावलीतली वळणं आणि रस्ता ओलांडणारे ओहोळ जपून. तिथे दिसतं ओलं डांबर आणि असतो पारदर्शक बर्फ. ब्रेक दाबण्याआधीच गिअर उतरवा, आणि शक्यतो दहा ते तीन एवढ्याच वेळात गाडी चालवा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. त्यात ओलावा गेलेला असतो, सकाळी मागची चाकं जखडलेली मिळतात. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर काचेपासून उभे करा. अडकून गाडीतच रात्र काढावी लागली, तर इंजिन चालू ठेवून झोपू नका: धुराडं बर्फाने बुजलं, तर विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो. सिगडी तर गाडीत नकोच, बंद खोलीतही नको.

सकाळी दार उघडलं नाही तर हिसडा मारू नका, रबर फाटतं. आधी दार खांद्याने आत दाबा, म्हणजे कडेचा बर्फ मोडतो, मग ओढा. समोरच्या काचेवर गरम पाणी मात्र कुणी कितीही सांगितलं तरी ओतू नका.