घरच्या गाण्यावर अखेरचा हात

सांगोल्यात आणि एकूणच माणदेशात धनगरी ओवी, भजनं, गजी ढोलाची गाणी आता घरातल्या खोलीत, लॅपटॉपवर तयार होऊ लागली आहेत. गळा पक्का असतो, ताल पक्का असतो. गाणं बिघडतं ते अखेरचा हात फिरवताना, आणि त्यामागे काही हट्टी गैरसमज आहेत.

सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे आवाज जितका चढा, तितकं गाणं भारी. यूट्यूब आणि स्पॉटिफाय प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी मोजतात आणि चढं गाणं साधारण उणे 14 एलयूएफएसपर्यंत उतरवतात. तुम्ही लिमिटर दाबून ते उणे 7 वर नेलंत, तर वाजताना ते 7 डेसिबलनं खाली येणार. ढोलाचा ठोका मात्र तुम्ही आधीच चेपून टाकलेला असतो आणि तो पुन्हा उठत नाही.

ढोलाचीच दुसरी गोष्ट. मोबाइलवर ढोल ऐकू येत नाही म्हणून पोरं बेस वाढवत राहतात. पण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून दोनशे हर्ट्झखालचा घुमारा जवळजवळ निघतच नाही. बेस वाढवला की नुसता आवाज फाटतो. त्याऐवजी ढोलाच्या ट्रॅकवर हलकं सॅच्युरेशन द्या. त्यानं वरचे उपस्वर उठतात, आणि ते ऐकून कान खालचा मूळ स्वर आपोआप भरून घेतो. सोबत दांडीचा कडक ठोका थोडा वर काढा. कैताळ तेवढं जपून, त्याची किणकिण गायकाच्या शब्दांवर बसते.

ऑटोट्यून लावलं की आवाज सुरेल होतो, हेही अर्धंच खरं. 1997 साली आलेलं हे सॉफ्टवेअर अँडी हिल्डेब्रँड यांनी बनवलं. त्याआधी ते तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या ध्वनिलहरींचा अभ्यास करत. सॉफ्टवेअर सूर जवळच्या स्वरावर ओढतं. ओवीचा जीव मात्र दोन स्वरांमधल्या हेलात असतो. दुरुस्तीचा वेग जास्त ठेवला की हेल सपाट होतो आणि ओवीचं नुसतं यंत्र उरतं. माझ्या मते ओवीला ऑटोट्यून लावूच नये. चुकलेली ओळ पुन्हा गाऊन घ्यावी.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून बाहेरचा गोंगाट थांबत नाही. खोलीतला तीक्ष्ण प्रतिध्वनी मारायला जाड घोंगडी जास्त कामाची.

आणि 'मोठ्या स्टुडिओशिवाय काय होणार?' सोलापूर जिल्ह्यातल्या नागराज मंजुळेंच्या 'सैराट'साठी (2016) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, हे खरंच. पण त्याच शहरातल्या एका घराच्या झोपायच्या खोलीत बिली आयलिश आणि तिच्या भावानं केलेला अल्बम 2019 मध्ये आला आणि 2020 चा ग्रॅमी घेऊन गेला. त्यातल्या 'बॅड गाय'मध्ये सिडनीच्या रस्त्यावरच्या पादचारी सिग्नलची टकटक आहे.

आपल्याकडे रविवारचा जनावरांचा बाजार आहे. खिलार बैलांच्या गळ्यातल्या घंटा मोबाइलवर टिपा आणि कडव्यांच्या मधल्या जागेत हळूच ठेवा. इंटरनेटवरून उतरवलेला तयार आवाज हजार गाण्यांत सापडेल, हा नाही. अपलोड करण्याआधी गाणं एक रात्र तसंच राहू द्या, आणि सकाळी एकदा साध्या मोबाइलवर, हेडफोन न लावता ऐका.