भरलेल्या मोबाइलची साफसफाई

मोबाइलमधील जागा संपली की नवे छायाचित्र घेण्यास यंत्र नकार देते, आणि मनुष्य घाईघाईने हाती लागेल ते पुसत सुटतो. वस्तुतः दप्तर तपासल्यावाचून काहीही निकाली काढू नये. आपल्याकडील बहुतेक फोनांत मोठी जागा अडवतात ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली चित्रे: सुप्रभातीची फुले, सणांच्या शुभेच्छा, आणि चार ग्रुपांतून चार वेळा आलेला एकच व्हिडिओ. त्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये, साठवणुकीच्या व्यवस्थेखाली, ५ एमबीहून मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेला ऐवज वेगळा काढून दाखवलेला असतो. सफाईचा आरंभ तेथूनच करणे श्रेयस्कर.

कॅशे ही अ‍ॅपने स्वतःच्या सोयीसाठी राखलेली तात्पुरती सामग्री, ती निर्धास्तपणे पुसावी. 'डेटा' पुसण्याचे बटण मात्र फोनातील त्या अ‍ॅपचे सारे दप्तरच नाहीसे करते.

खरी दक्षता हवी ती छायाचित्रांबाबत. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले चित्र डिलीट केले, तर ते फोनातून आणि गूगलच्या संग्रहातूनही जाते, व कचरापेटीत ६० दिवस राहून कायमचे नष्ट होते. केवळ फोनातील प्रत काढावयाची असल्यास जागा मोकळी करण्याचा स्वतंत्र पर्याय तेथे आहे. दिवंगत आजीचा आवाज असलेला एखादा व्हिडिओ अशा गैरसमजापायी गमावणे ही कधीही भरून न येणारी हानी होय, म्हणून वडीलधाऱ्यांचा फोन साफ करून देणाऱ्या तरुणांनी त्यांना विचारल्यावाचून काहीही पुसू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १ जून २०२१ पासून चढवलेली छायाचित्रे गूगलच्या १५ जीबी विनामूल्य जागेत मोजली जातात, आणि जीमेल व ड्राइव्ह यांचाही भार तिच्यावरच असल्याने, ती भरत आल्यास एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी.