दाब पुरेसा, प्रवाह अपुरा

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत मोटारीच्या इंधनपंपावर लेख यावा, हे काही सभासदांना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु बेळगावात राहणाऱ्या माणसाला यंत्रांची ओढ असणे तसे नवलाचे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपले सायकलींचे दुकान थाटले ते याच गावात. आणि आजही उद्यमबागेतून फेरफटका मारला, तर ओतकामाचा आणि लेथचा आवाज कानी पडल्याशिवाय राहत नाही. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. दिवसाचा बराचसा वेळ रुग्णाच्या उशाशी बसून दाबाचे आकडे पाहण्यात जातो. उरलेल्या वेळात उद्यमबागेतल्या एका मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये तास-दोन तास घालविण्याचा छंद मला गेली अनेक वर्षे जडला आहे. तेथेही मी बहुधा दाबाचे आकडेच पाहत असतो! या दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसत आली. दाबमापकाचा काटा जागेवर आहे, म्हणून प्रवाह पुरेसा आहे असे समजणे धोक्याचे असते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच.

इंधनाचे अभिसरण

जुन्या कार्बोरेटरच्या मोटारींत इंधनपंप हे अगदी साधे प्रकरण होते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर हलणारा एक पडदा टाकीतून पेट्रोल ओढी आणि कार्बोरेटरकडे ढकली. दाब जेमतेम पाव ते चाळीस शतांश बार. इंजेक्शन पद्धतीने हे चित्र पालटले. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धती १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली आणि त्यानंतरच्या दशकांत तिच्या वारसदारांनी कार्बोरेटरला हळूहळू निवृत्त केले. आपल्याकडे हे परिवर्तन प्रदूषणाच्या नव्या निकषांमुळे २००० सालाच्या सुमारास घडले; मारुती ८०० देखील त्याच वर्षी एमपीएफआय झाली.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीतच बुडवून ठेवलेला विजेचा पंप पेट्रोल फिल्टरमधून इंजिनावरील एका सामाईक नळीत, म्हणजे ‘रेल’मध्ये आणतो. रेलला प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक इंजेक्टर जोडलेला असतो. रेलच्या टोकाला असतो रेग्युलेटर. त्याच्या पोटात एक पडदा आणि त्यावर एक स्प्रिंग. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि परतीची नळी नसते. पण अधिक शक्तीसाठी बांधलेल्या इंजिनांत परतीची नळी असलेली जुनी रचनाच अजूनही पसंत केली जाते. पंप हे हृदय, रेल ही महाधमनी आणि रेग्युलेटर हा परिघीय रोध, असे म्हटले तर आपल्या व्यवसायबंधूंना अधिक सांगावयास नको.

फरकाचे गणित

इंजेक्टर किती पेट्रोल सोडणार, हे तो किती वेळ उघडा राहतो यावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावर अवलंबून असते. एका बाजूला रेलमधील दाब, तर दुसऱ्या बाजूला इंजिनाच्या मॅनिफोल्डमधील हवेचा दाब. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, म्हणजे तेथील दाब वातावरणापेक्षा अर्ध्या बारहून अधिक खाली असतो. टर्बो जोरात असताना तोच दाब वातावरणापेक्षा एक बारने वर जाऊ शकतो. रेलमधील दाब कायम तीन बारच राहिला, तर ऐन चढाला इंजेक्टरला मिळणारा प्रत्यक्ष फरक दोन बारच उरेल.

मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा विचार करताना आपण सरासरी धमनीदाबातून कवटीतील दाब वजा करतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीतील दाब वाढला, की केवळ धमनीदाब ‘नॉर्मल’ असून भागत नाही, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिलेली प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे शरीराने तो फरक राखण्यासाठी केलेली शेवटची धडपड होय. रेग्युलेटर हेच काम क्षणोक्षणी आणि शांतपणे करतो. त्याच्या डोक्यावरून मॅनिफोल्डला जाणारी एक बारीक रबरी नळी असते. मॅनिफोल्डमधील दाब एक बारने वाढला की तोच दाब पडद्यावर स्प्रिंगच्या जोडीला येतो आणि रेलमधील दाबही नेमका एक बारने वाढतो. तीनाचे चार होतात. फरक तीनच राहतो.

हा फरक घटला तर काय होते? इंजेक्टरमधून जाणारा प्रवाह फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. तीनाऐवजी दोन बार मिळाले, तर पेट्रोल सुमारे अठरा टक्क्यांनी घटते. टर्बो इंजिनाला पूर्ण भाराखाली एक भाग पेट्रोलला साधारण बारा भाग हवा (दोन्ही वजनाने) असे दाट मिश्रण द्यावे लागते, कारण जादा पेट्रोल ज्वलनकक्ष थंड राखते. अठरा टक्के घट होताच तेच प्रमाण १४.७ वर जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे आदर्श मिश्रण. संथ चालणाऱ्या गाडीला उत्तम. परंतु एक बार बूस्टखाली ते घातक ठरते. तापमान चढते, मिश्रण वेळेआधी स्फोटासारखे पेटू लागते आणि अॅल्युमिनियमचा पिस्टन वितळावयास काही सेकंद पुरतात.

एक ‘केस’

आमच्या एका डॉक्टर मित्रांचे चिरंजीव आपली जुनी टर्बो पेट्रोल गाडी मेस्त्रींकडे घेऊन आले. दीडशे अश्वशक्तीचे इंजिन सुधारणा करून सव्वादोनशेच्या घरात नेलेले. एक इंजिन आधीच निकामी झाले होते. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला आरपार भोक पडले होते. पगारातून साठवलेल्या पैशांतून त्याने दुसऱ्या एका गॅरेजमध्ये इंजिन नव्याने बांधून घेतले, मोठा पंप बसवला आणि नवा रेग्युलेटरही. आयडलिंगला दाबमापकाचा काटा अगदी पुस्तकात सांगितलेल्या ठिकाणी. तरीही घाट चढताना गाडीचा दम तुटत होता. एवढा खर्च पुन्हा करण्याची त्याची ऐपत नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होते.

मेस्त्री मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, बसलेल्या माणसाची नाडी बघून काय उपयोग? जिना चढवून बघायला पाहिजे.” कार्डिऑलॉजिस्ट ज्याला ट्रेडमिल चाचणी म्हणतात, तेच हे! आम्ही दाबमापक समोरच्या काचेबाहेर, चालकाला दिसेल असा चिकटपट्टीने पक्का बसवला. (पेट्रोलची नळी गाडीच्या आत कदापि आणू नये.) मोकळ्या चढावर बूस्ट एक बारला पोहोचला तेव्हा काटा चारवर जावयास हवा होता, तो तीनवरच अडला. मेस्त्रींनी ताबडतोब पाय काढावयास लावला.

पंप नवा, रेग्युलेटर नवा, फिल्टर स्वच्छ. मग दोष कोठे? पंपाच्या टोकावर मल्टिमीटर लावला, तेव्हा अल्टरनेटरपाशी साडेतेरा व्होल्ट असताना पंपाला जेमतेम पावणेअकरा मिळत होते. मोठा पंप अधिक विद्युतप्रवाह ओढणारा, आणि त्याला वीज पुरवणारी तार मात्र मूळच्या लहान पंपासाठी घातलेली, बारीक आणि जुनी. हृदय बदलले होते. पण त्या हृदयालाच रक्त पुरवणारी वाहिनी अरुंद राहिली होती. बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, फ्यूज आणि रिले घातला, अर्थिंगचे टोक घासून स्वच्छ केले. पुन्हा चढावर गेलो, तेव्हा काटा चारवर गेला आणि तेथेच राहिला. या उपचाराचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे नगण्य होता.

पंप किती मोठा हवा?

याचा हिशेब अवघड नाही. पूर्ण भाराखाली साध्या पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीला ताशी सुमारे २२५ ग्रॅम, तर टर्बो इंजिनाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल लागते, असे धरून चालतात. म्हणजे २२० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनाला ताशी सुमारे ५९ किलो, अर्थात ७९ लिटर. आता आपल्या पंपांवर मिळणारे पेट्रोल वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलला स्वतःसाठी हवा कमी आणि म्हणून त्याच हवेला इंधन अधिक लागते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के जास्त. म्हणजे ८५ लिटर. त्यावर वीस-पंचवीस टक्के राखीव धरले, की ताशी सुमारे १०५ लिटरचा पंप हवा.

येथेच पुष्कळांची फसगत होते. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. व्होल्टेज घटले की आणखी घटतो. ‘ताशी २५५ लिटर’ हा आकडा वाचताना ‘किती दाबाला?’ आणि ‘किती व्होल्टला?’ हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. दुसरीकडे, गरजेपेक्षा फारच मोठा पंपही बरा नव्हे. तो पेट्रोल विनाकारण फिरवीत राहतो आणि तापवतो. परतीची नळी अरुंद असेल, तर आयडलिंगला दाब खाली येतच नाही. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला इंजेक्शनचा पंप जोडला, तर सुईझडप तो दाब पेलू शकत नाही आणि पेट्रोल वाहू लागते.

जुळणीचा क्रम

मेस्त्रींचा क्रम मी माझ्या वहीत उतरवून ठेवला आहे. प्रथम पंपाच्या टोकावर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजावे. मग इंजिन आयडलिंगला ठेवून रेग्युलेटरची रबरी नळी काढावी, मॅनिफोल्डकडील तोंड बंद करावे आणि स्क्रू फिरवून मूळ दाब, समजा तीन बार, लावून लॉकनट घट्ट करावा. नळी परत जोडताच काटा निर्वाताच्या प्रमाणात, साधारण अडीचच्या जवळ उतरावयास हवा. तो हलला नाही, तर नळी फुटली आहे किंवा पडदा निकामी आहे.

त्यानंतर इंजिन बंद ठेवून केवळ पंप चालवावा आणि हातपंपाने रेग्युलेटरच्या डोक्यावर एक बार हवा द्यावी. काटा चारवर गेला पाहिजे. त्याच दाबाला परतीच्या नळीतून येणारे पेट्रोल मापाच्या भांड्यात अर्धा मिनिट धरावे. ताशी १०५ लिटर हवे असतील, तर अर्ध्या मिनिटात पाऊण लिटरहून बरेच अधिक, जवळजवळ ८७५ मिलिलिटर जमा व्हावयास हवे. आपण मूत्रविसर्जन मोजून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा अजमावतो, त्याच जातीची ही चाचणी! या सर्वांत उत्तीर्ण झाल्यावरच भाराखालची चाचणी घ्यावी. शर्यतीच्या गाडीत आणखी एक पथ्य असते. वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. म्हणून मधे दोन-तीन लिटरची छोटी टाकी बसवून तेथून मुख्य पंपाला पुरवठा करतात.

सावधगिरी

पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून ही कामे मोकळ्या हवेत, अग्निशामक हाताशी ठेवून आणि बॅटरी चार्जरची ठिणगी दूर राहील अशा बेतानेच करावीत. नळी उकलण्यापूर्वी रेलमधील दाब उतरवावा. इंजेक्शनच्या दाबाला कार्बोरेटरची साधी रबरी नळी कधीही वापरू नये. इथेनॉलला टिकणारी, इंजेक्शनसाठीच बनवलेली नळी घ्यावी आणि तिला योग्य क्लॅम्प लावावा. इंजिन थांबताच पंप आपोआप बंद होईल अशी जोडणी असलीच पाहिजे. अपघातात इंजिन थांबले आणि पंप चालूच राहिला, तर काय होईल हे जळीत विभागात काम केलेल्यांना सांगावयास नको. टाकी अगदी रिकामी होईपर्यंत गाडी चालवण्याची सवयही सोडावी; टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी गाड्यांचे वेड असलेली मुले आहेत. त्यांना ‘हे उद्योग बंद कर’ असे सांगून ती थांबणार नाहीत. त्यापेक्षा अधिक शक्तीचे इंजिन बांधण्याआधी त्या इंजिनाला भाराखाली पोसण्याची व्यवस्था तपासून घे, असे सांगितलेले बरे. आणि तपासणी गाडी उभी असताना नव्हे, चढावर करून घे, असेही. दाब हे लक्षण आहे, प्रवाह हे आरोग्य आहे. आपला हा व्यवसायसिद्ध अनुभव त्यांच्या उपयोगी पडला, तर एखादे इंजिन वाचेल आणि कदाचित त्याहून अधिक मोलाचेही काही.