जीवसमूहांची जनुकीय उत्क्रांती व नव्या जातीची निर्मिती : डॅफ्नी मेजर बेटावरील फिंच पक्ष्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये निसर्गनिवडीचा सिद्धांत मांडला. तथापि आनुवंशिकतेची यंत्रणा त्यांना ज्ञात नव्हती. आजही पदवी वर्गातील अनेक विद्यार्थी ‘गरज निर्माण झाली म्हणून अवयव बदलला’ अशा शब्दांत उत्क्रांतीचे स्पष्टीकरण देतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. त्या पुस्तकावर शिकलेल्या व पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय समजावण्याची जबाबदारी आता सर्वच विद्याशाखांच्या प्राध्यापकांवर येते. प्रस्तुत लेखात ‘जाती’ ही संज्ञा केवळ जीवशास्त्रीय अर्थाने वापरली आहे.

जीवसमूहाची जनुकीय बैठक :
उत्क्रांती एकट्या जीवाची होत नाही, ती जीवसमूहाची होते. एकाच जनुकाची निरनिराळी रूपे समूहात आढळतात व त्यांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या बदलणे म्हणजेच उत्क्रांती होय. समूह अतिशय मोठा असेल, संकर यदृच्छेने होत असेल आणि बाहेरचा कोणताही प्रभाव नसेल, तर हे प्रमाण स्थिर राहते, असे इंग्लंडमधील गणितज्ञ हार्डी व जर्मनीतील वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. निसर्गात हे संतुलन चार कारणांनी ढळते : उत्परिवर्तन नवे रूप निर्माण करते, स्थलांतर ते एका समूहातून दुसऱ्यात नेते, लहान समूहात निव्वळ योगायोगाने प्रमाण कमीअधिक होते आणि निसर्गनिवड उपयुक्त रूपाला झुकते माप देते. यांपैकी केवळ निसर्गनिवडच अनुकूलन घडवून आणते.

डॅफ्नी मेजरवरील निरीक्षणे :
गॅलापागोस द्वीपसमूहातील या लहानशा बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून अनेक दशके फिंच पक्ष्यांची मोजमापे घेतली. १९७७ च्या अवर्षणात लहान, मऊ बिया संपल्या आणि ट्रिब्युलस या काटेरी वनस्पतीची कठीण फळे मागे राहिली. आपल्याकडील सराटा याच प्रजातीतील आहे. मध्यम भू-फिंच या जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. जे तगले त्यांच्या चोची सरासरीने अधिक जाड होत्या. चोचीचा आकार आनुवंशिक असल्याने पुढील पिढीतही ती जाडी दिसून आली. येथे एकाही पक्ष्याची चोच त्याच्या हयातीत गरजेपोटी वाढली नाही. आधीपासून असलेल्या विविधतेतून निवड झाली, एवढेच. १९८२-८३ च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांचे प्रमाण वाढले, तेव्हा निवडीची दिशा उलटली. यावरून निसर्गनिवडीला पूर्वनियोजित ध्येय नसते, हे स्पष्ट होते. चोचीच्या आकारमानाशी निगडित एचएमजीए-२ हे जनुक २०१६ मध्ये निश्चित करण्यात आले.

नव्या जातीकडे :
अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ मधील व्याख्येनुसार, आपापसांत संकर होणारे परंतु इतर समूहांपासून प्रजननदृष्ट्या विलग असलेले जीवसमूह म्हणजे जाती. ही विलगता बहुधा भौगोलिक अडसरामुळे व दीर्घकाळाने येते. डॅफ्नीवर मात्र वेगळाच प्रकार घडला. १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरील एस्पान्योला बेटावरून आलेल्या एका मोठ्या नराने स्थानिक मादीशी जोडी जमविली. फिंचचे नर आपल्या पित्याचे गाणे शिकतात आणि जोडीदाराची निवड गाणे व चोच यांवरून होते. या वंशाचे गाणे व चोच दोन्ही निराळी होती. परिणामी काही पिढ्यांतच तो वंश आपापसांतच प्रजनन करू लागला. २००३-०५ च्या अवर्षणातून एक भाऊ व एक बहीण एवढेच वाचले आणि त्यांच्यापासून वंश पुढे चालला. मूळ नराचे उगमस्थान २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंच-अभ्यासातून निश्चित झाले. तथापि एवढ्या लहान, अंतःप्रजनन झालेल्या समूहाला स्थिर जाती म्हणणे घाईचे ठरेल.

निष्कर्ष :
विविधता, निवड, योगायोग व विलगता या चार बाबींच्या परस्परक्रियेतून नवी जाती आकारास येते. दोन जातींमधील सीमारेषा एका दिवसात उमटत नाही, ती हळूहळू ठळक होत जाते. उत्क्रांती ही केवळ भूतकाळाविषयीची कल्पना नसून मोजता येणारी प्रक्रिया आहे, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे. समूह लहान होत गेला की त्याची जनुकीय विविधता घटते व बदलत्या हवामानात निवडीला वावच उरत नाही. म्हणूनच जातींच्या संवर्धनाचा विचार करताना केवळ संख्या नव्हे, तर विविधता जपणे अगत्याचे ठरते.