निवृत्तीनंतरचं छोटं घर : काय कमी करायचं आणि काय नाही

मी बांधकामातला माणूस. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची घरं उभी केली. येत्या मे महिन्यात निवृत्त होतोय आणि आता पहिल्यांदाच स्वतःसाठी घर बांधायचंय. रत्नागिरी जिल्ह्यात, आमच्या वाडीत. दोन माणसांचं, २० फूट बाय १८ फूट, म्हणजे ३६० चौरस फुटांचं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात असं एखादं घर असणार, म्हणून आज त्यावर बोलू.

आधी छोटं म्हणजे किती, ते बघू. अमेरिकेत हल्ली अशा इवल्या घरांची हौस आहे. तिथल्या निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत २०१८ साली त्यासाठी वेगळं परिशिष्टच आलं. त्यात पोटमाळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतचं घर छोटं धरलंय. आता हे ‘पोटमाळा सोडून’ लक्षात ठेवा. फोटोत बघाल तर खाली बैठक, वर झोपायची जागा आणि मधे शिडी. जागा वाचते, दिसतंही छान. मलाही मोह झाला. पहिला नकाशा तसाच काढला आणि कौतुकाने आईला दाखवला. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने चष्मा लावून कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, “रात्री मोरीवर जायला खाली उतरायचं कसं रे?”

मी गप्प. नकाशा मी साठीच्या माणसासाठी काढला होता, पण त्यात राहणार ऐंशीचा माणूस.

तिथून माझ्या विचाराची दिशा बदलली. घर लहान करणं म्हणजे काहीतरी घराबाहेर काढणं. जे बाहेर काढलं, त्याचा भार पुढे कोणी उचलायचा, हे आधी ठरवायला हवं. शिडीच्या बाबतीत तो भार आपले गुडघे उचलणार होते.

शरीराचं माप

चाकाच्या खुर्चीला जागेवर वळायला साधारण दीड मीटरचा गोल लागतो. दार ९०० मिलिमीटर मोकळं लागतं. आपल्याकडे खोल्यांची दारं तीन फुटांची करतात आणि न्हाणीघराचं मात्र अडीच फुटांचं. नेमकं जिथे आधार लागणार, तिथेच अरुंद! माझ्या नकाशात आता न्हाणीघर मोठं झालंय आणि बैठकीची जागा लहान.

दुसरी अडचण जोत्याची. कोकणातल्या पावसाला जोतं उंच हवं. दीड फूट तरी धरा. उतार एकास बारा ठेवायचा तर दीड फुटाला अठरा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे घर वीस फुटांचं आणि उतार अठरा फुटांचा! मी तो लांबीच्या भिंतीलगत घेतलाय आणि वरची कौलं तेवढी पुढे काढलीयत. नाहीतर पावसात तिथे शेवाळ धरतं, आणि पायऱ्या परवडल्या म्हणायची वेळ येते.

पैशाचं माप

घर निम्मं केलं की खर्च निम्मा होतो, असं वाटतं ना? तसं होत नाही. ४० बाय १८ च्या घराचा घेर ११६ फूट. २० बाय १८ च्या घराचा ७६ फूट. क्षेत्रफळ निम्मं झालं, पण बाहेरची भिंत जवळजवळ दोन-तृतीयांश राहिलीच. शिवाय ओटा, संडास, शोषखड्डा, विजेची जोडणी हे काही निम्मं होत नाही. म्हणून छोट्या घराचा चौरस फुटाचा दर मोठ्या घरापेक्षा जास्तच पडतो. आणि नऊ इंची भिंत धरली तर ३६० पैकी आत वापरायला साधारण ३०५ उरतात. कंत्राटदाराशी बोलताना माप आतलं की बाहेरचं, हे आधी विचारा.

पाण्याचं माप

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पडवी धरून माझं छप्पर ५२० चौरस फूट, म्हणजे ४८ चौरस मीटर. गुणाकार करा. एक लाख चाळीस हजार लिटरच्या वर पाणी त्या छपरावर पडतं! पण ते जवळजवळ सगळं चार महिन्यांत, आणि विहीर तळाला जाते एप्रिल-मेमध्ये. दहा हजार लिटरची टाकी भरून ठेवली, तर दोघांना रोज १४० लिटरप्रमाणे सत्तर दिवस पुरते. त्या टाकीची जागा नकाशातच धरा. ऐंशीव्या वर्षी हंडा उचलायचा नाहीये.

माणसांचं माप

स्थपती ल कॉर्बुझिए, चंडीगढ उभारणारे, यांनी १९५२ च्या सुमारास फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर स्वतःसाठी एक खोली बांधली. ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर. तेव्हा ते पासष्टीच्या जवळ आले होते. त्या खोलीत स्वयंपाकघर नव्हतं, कारण लगतच एक खाणावळ होती आणि मधे दार होतं. म्हणजे ती खोली लहान राहू शकली ती शेजारामुळे.

म्हणून जागा निवडताना मी डोंगरावरचा सुंदर तुकडा सोडला आणि वाडीतली जागा धरली. तिथून समुद्र दिसत नाही, पण हाक मारली तर ऐकू जाते. तालुक्याचा दवाखाना किती लांब आणि पावसात तो रस्ता चालू असतो का, हेही बघा. आणि सातबारा! आमच्या सातबाऱ्यावर चुलत्यांची, चुलतभावांची मिळून अकरा नावं आहेत. मंडळी, पाया खणायच्या आधी त्या अकरा जणांकडे चहाला जायला हवं, आणि जे ठरेल ते कागदावर आणायला हवं. हे काम मी निवृत्तीआधीच सुरू केलंय. नवीन जमीन घेणार असाल तर एक ध्यानात असू द्या : १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही.

एक प्रश्न

एका ताईंनी विचारलंय, “मुलं-नातवंडं आली की काय करणार?” चांगला प्रश्न आहे. त्यासाठी खोली बांधली तर ती वर्षातले अकरा महिने झाडायची. म्हणून आठ फुटांची पडवी ठेवलीय. मे महिन्यात तिथे सात-आठ गाद्या सहज पडतात. मी लहानपणी तसाच झोपायचो.

परवा दुसरा नकाशा आईपुढे ठेवला. तिने बोट पलंगापासून न्हाणीघरापर्यंत नेलं. सरळ, एकाच पातळीवर, सात पावलं. मग म्हणाली, “आता बांध.”