बर्फावर जाताना पाठीवर काय?

आमच्या हिंगोलीत बर्फ दिसतो तो गोळेवाल्याकडेच. तरी मराठवाड्याचेच पोलीस रफीक शेख यांनी २०१६ साली एव्हरेस्ट सर केले. आपल्या घरातला मुलगा वा मुलगी बर्फावर चढायला निघाली, तर सॅक नीट पारखून द्यावी, असे आम्हाला वाटते. एका दिवसाच्या चढाईला ३० ते ४० लिटरची, रिकामी किलोभर वजनाची सॅक पुरते. फार पातळ कापड नको. आईस-ॲक्सच्या टोकाने ते फाटते. ॲक्स अडकवायला बाहेर पट्टे हवेत. बक्कल हातमोजे घालूनही उघडले पाहिजे, कारण थंडीत उघडी बोटे गोठतात. पाठ मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेपने मोजा आणि त्या मापाचीच सॅक घ्या. मग आठ किलो ज्वारी भरून घरचा जिना चढून-उतरून पाहा. खांदे दुखले, तर लगेच बदलून आणा. डोंगरावर दुकान नसते.