ॲटलस दोनदा का दिसतो?

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांवर, अरुंद जिने चढून गेलं की डीटीपीच्या खोल्या लागतात. अशाच एका खोलीतल्या लिनक्स मशीनवर साठलेल्या जुन्या कामांची यादी हवी होती. फायली नकोत, फक्त फोल्डर. काळी खिडकी उघडली आणि टाइप केलं: एलएस, डॅश डी, स्टार स्लॅश.

एलएस ही यादी दाखवणारी आज्ञा, पण यात फोल्डरांची निवड ती करतच नाही. एंटर दाबताच शेल, म्हणजे आपण टाइप केलेलं वाचणारा प्रोग्राम, त्या स्टार-स्लॅशच्या जागी फोल्डरांची खरी नावं भरतं आणि एलएसच्या हवाली करतं. डॅश डी राहिलं, तर एलएस प्रत्येक फोल्डर उघडून आतला पसाराही पडद्यावर ओततं. टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर स्टारच्या नजरेला पडत नाहीत. ते हवे असतील तर फाइंड या आज्ञेला टाइप डी सांगायचं.

यादी आली, पण क्रम पाहून मराठीच्या मास्तरांनी कान पिळला असता. 'गोळाबेरीज' आधी, 'गोष्टी' नंतर! मराठी कोशात ळ हच्याही मागे बसतो. या मशीनवर मात्र क्रमवारीचं सेटिंग 'सी' होतं, म्हणजे कोश बाजूला आणि अक्षराचा युनिकोड क्रमांक पुढे. त्या क्रमांकांत ळ लला चिकटून आहे, कारण युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीवरून उचलली. इस्कीवर चालणारं जिस्ट तंत्र आपल्याच पुण्यातल्या सी-डॅकने पुढे नेलं. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा लावायचा, तर एकट्या मराठीचा हट्ट कोण पुरवणार? इंग्रजी आकड्यांचे फोल्डर सगळ्यांत वर, मराठी आकड्यांचा '२०१९' 'हस्तलिखितं'च्याही खाली.

आणि 'ॲटलस' दोनदा. एक मराठी नावांच्या डोक्यावर, एक तळाशी, दिसायला जुळे. एकाच जागी एका नावाचे दोन फोल्डर राहूच शकत नाहीत. दोन्ही नावं ओडी या बाइट दाखवणाऱ्या आज्ञेतून काढली तेव्हा उलगडलं: वरच्याचे बाइट पंधरा, खालच्याचे बारा. वरच्यात 'अ' टाइप करून त्यावर चंद्र चढवलेला, म्हणजे तीन अधिक तीन बाइट. खालचा 'ॲ' एकसंध अक्षर, तीनच बाइटचं. ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, म्हणून उरलेल्या जागेत, आकड्यांच्याही पलीकडे जाऊन बसलं. खोलीतल्या दोन की-बोर्डांवर दोन रिती, एवढाच घोळ. युनिकोडचं प्रमाणीकरणही या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे शोध घेतला तर एकच सापडतो. माउसच्या खिडकीत हे कधी कळलं नसतं; तिथे दोन पिवळी पाकिटं दिसतात आणि आपण दुसऱ्याला कॉपी समजतो.

एकाचं नाव बदलायला एमव्ही ही आज्ञा पुरते. पण ताजी प्रुफं कोणत्यात, हे मशीनला काय माहीत? मालकांना विचारलं. चष्मा वर न करता ते म्हणाले, "राहू द्या की दोन्ही. जागा काय खातायत?"